पिशवी क्रमांक सात

जानेवारी २०१९ मध्ये पुण्यातल्या एका चौकात वाहतूक पोलिसानं मला थांबवलं, तेव्हा हेल्मेट माझ्याजवळच होतं. फक्त त्यात एक किलो मटार होते.

माझी चूक एवढीच, की मी पिशवी घरी विसरलो होतो. आधीच्या वर्षी, २३ जून २०१८ पासून, महाराष्ट्रात प्लास्टिकच्या पिशव्यांवरची बंदी अमलात आली होती. पहिल्यांदा सापडलात तर ५,००० रुपये, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि वर तीन महिन्यांपर्यंत कैद, असे दर जाहीर झाले होते. भाजीवाल्या मावशी गोणपाटाखाली हात घालून, डावीकडे-उजवीकडे बघून, "देऊ का एक? पण लगेच आत ठेवा," असं हलक्या आवाजात विचारत होत्या. ज्या पिशवीकडे कालपर्यंत कुणी ढुंकून बघत नव्हतं, तिला एकाएकी परदेशी घड्याळाचा मान आला होता. पण मी बँकेतला माणूस. मटारापायी तुरुंगात गेलेला पहिला हेडकॅशियर हा लौकिक मला नको होता. म्हटलं, मावशी, ओता हेल्मेटात.

त्याच महिन्यापासून शहरात हेल्मेटसक्तीची कारवाई जोरात सुरू झाली होती, हे माझ्या लक्षात होतं. पण दोन कायदे एकाच भांड्यात मावणार नाहीत, हे चौकात आल्यावर लक्षात आलं.

"हेल्मेट?"

"हे काय, आहे ना."

"डोक्यावर का नाही?"

"मटार आहेत."

त्यानं हेल्मेटात डोकावून पाहिलं. एक शेंग उचलून सोलली, दाणे तोंडात टाकले. "गोड आहेत. कसे दिले?"

"चाळीस."

"आमच्याकडे पन्नासनं देतात," असं म्हणून त्यानं ५०० रुपयांची पावती फाडली. घरी येऊन मी बायकोला सगळा हिशेब सांगितला. प्लास्टिकच्या दंडाच्या मानानं साडेचार हजार वाचले होते. तिनं मटार हातात घेतले आणि विचारलं, "पाचशे चाळीस रुपये किलोचे आहेत, उसळ करू की लॉकरमध्ये ठेवू?"

त्या दिवशी मी प्रतिज्ञा केली, की यापुढे पिशवीशिवाय घराबाहेर पडायचं नाही. प्रतिज्ञा मी पाळलीसुद्धा. पिशवी कायम स्कूटरच्या डिकीत असायची. अडचण अशी, की पिशवी डिकीत, डिकी स्कूटरला, स्कूटर तळमजल्याच्या पार्किंगमध्ये आणि मी दुसऱ्या मजल्यावरच्या दुकानात, हातात दोन किलो साखर, तीन साबण आणि सुटी तूरडाळ घेऊन. खाली जाऊन पिशवी आणायला पाच मिनिटं लागतात. नवी पिशवी पंधरा रुपयांना मिळते. "पिशवी देऊ का, सर?" असं ती काउंटरवरची मुलगी इतक्या आपुलकीनं विचारायची, की नाही म्हणणं जिवावर यायचं. अशा रीतीनं पिशव्या वाचवण्याच्या नादात मी पिशव्या जमवू लागलो.

आमच्याकडे स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला पिशव्यांची पिशवी असते. ही सगळ्याच मराठी घरांत असते. कुलदैवत वेगवेगळं असेल, पण ही असतेच. तिच्यात एक पिशवी कोंबता येते, काढता मात्र येत नाही. एक काढायला जावं तर बाकीच्या तिचे बंद धरून बाहेर येतात, जशी काही सासरी निघालेली मुलगी आहे. २०२४ च्या मार्चमध्ये एके रात्री तो खिळा मूठभर गिलाव्यासकट खाली आला. आई झोपेतून दचकून उठली. "कोण आलंय रे?"

"पिशव्या," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी शिरगणती केली. नुकताच निवृत्त झालेला माणूस मोजायला काहीतरी शोधतच असतो. एकूण ६१ पिशव्या निघाल्या. माझंही वय ६१. हा योगायोग बायकोनं सगळ्या इमारतीला सांगितला.

साड्यांच्या दुकानांच्या चौदा. सोनाराची एक, लाल मखमली, जिच्यात एक लिंबू मावतं आणि दुसऱ्याला दागिना नसल्याबद्दल वाईट वाटतं. पर्यावरणविषयक परिषदेत मिळालेली तागाची एक, जिला आतून प्लास्टिकचं अस्तर. एका उमेदवारानं वाटलेल्या तीन. त्या उमेदवारानं त्यानंतर तीन पक्ष बदलले. धुऊन धुऊन पिशवीवरचं चिन्ह गेलं, चेहरा तेवढा शाबूत राहिला. छपाई करणाऱ्याला राजकारण आपल्यापेक्षा जास्त कळत असावं. आणि एक लग्नातली. आमच्या आतेभावाच्या मुलाच्या लग्नात प्रत्येक पाहुण्याला मिळालेली, जाड मांजरपाटाची, लाल अक्षरांत 'शुभविवाह', खाली नवरानवरीची नावं आणि तारीख. ते लग्न दोन वर्षांत मोडलं. पिशवीची शिवण मात्र एक टाका हलली नव्हती. आतेभाऊ घरी यायचे असले की बायको ती उलटी करून ठेवायची. यादीत तिचा क्रमांक सातवा लागला.

लेक ऑफिसातून आली आणि माझी यादी वाचून म्हणाली, "बाबा, यातल्या निम्म्या पिशव्या प्लास्टिकच्या आहेत."

"कापडी आहेत सगळ्या. हात लावून बघ."

"त्या नॉनवोव्हन आहेत. कापडासारख्या दिसतात, पण असतं ते पॉलिप्रॉपिलीन. न विणता उष्णतेनं चिकटवलेले धागे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांत त्यासुद्धा प्लास्टिकमध्येच मोजल्यात. चौरस मीटरला साठ ग्रॅमपेक्षा हलक्या चालतच नाहीत."

पाच वर्षं ज्यांना मी मोठ्या तोऱ्यात "आपली कापडी आहे हो" म्हणून दुकानदारांसमोर नाचवत होतो, त्या बहुरूपी निघाल्या! माझा विश्वास बसेना. मग लेकीनंच परीक्षा सांगितली. कडेचा एक धागा काढायचा आणि काडी ओढायची. सुती असेल तर कागदासारखा वास येतो आणि मऊ राख उरते. प्लास्टिक असेल तर धागा आक्रसतो, वितळतो आणि टोकाला कडक मणी धरतो, मेणबत्तीसारखा वास येतो.

पहिल्या दहा पिशव्यांपर्यंत मी धागा काढून जाळत होतो. मग कंटाळा आला आणि थेट कोपऱ्याला काडी लावू लागलो. एक २०१२ सालची, पापड ठेवलेली पिशवी तर काडीची वाट न बघता हात लावताच भुगा होऊन अंगाऱ्यासारखी पडली. आई देवघरातून ओरडली, "अरे, कुणाचं काय जळतंय?" मी म्हटलं, "परीक्षा चाललीय." ती म्हणाली, "सीतेचीसुद्धा एकदाच घेतली होती." शेवटच्या पिशवीला काडी लावणार, तेवढ्यात बायकोनं ती माझ्या हातून काडीसकट हिसकावली. तिच्यात तिची पैठणी होती. निकाल असा लागला: ३४ वितळल्या, २६ जळल्या आणि एक न्यायप्रविष्ट.

चौतीस तोतया पिशव्या मी दुसऱ्या दिवशी कचऱ्याच्या ताईंपुढे ठेवल्या. पुण्यात कागद-काच-पत्रा वेचणाऱ्यांची पंचायत १९९३ पासून आहे आणि 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था दारोदार कचरा घेते. त्यामुळे आमच्या ताईंना कुठल्या वस्तूला भंगारात काय भाव आहे, हे मला मुदतठेवीचे दर माहीत होते त्याहून पक्कं माहीत आहे. त्यांनी एक पिशवी चिमटीत धरून पाहिली. "काका, ह्याला कुणी घेत नाही. वापरा की, चांगल्या हायेत." त्या वाक्यावर वाद घालता येईना. चौतीसही परत खिळ्यावर गेल्या. नवा खिळा मात्र ठोकला, आता दारामागे दोन आहेत.

इथं थांबलो असतो तरी चाललं असतं. पण उरलेल्या सव्वीस सुती पिशव्यांचा मला अभिमान वाटू लागला आणि तो मी जेवताना बोलून दाखवला. लेकीनं पोळीचा घास खाली ठेवला. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्यानं २०१८ मध्ये, म्हणजे आमच्या बंदीच्याच वर्षी, एक अहवाल काढला होता म्हणे. दुकानातल्या साध्या पातळ प्लास्टिकच्या पिशवीची बरोबरी करायची तर कापडी पिशवी किती वेळा वापरावी लागेल, याचा त्यात हिशेब होता. कापूस पिकवायला पाणी लागतं, खत लागतं, मग कताई, विणाई, रंग. फक्त हवामानावरचा परिणाम धरला तर ५२ वेळा. पण पाणी, ओझोनचा थर वगैरे सगळी खाती धरली तर ७,१०० वेळा.

"खाती" हा शब्द ऐकून माझ्या आतला हेडकॅशियर उठून बसला.

"आणि सेंद्रिय कापसाची असेल तर वीस हजार वेळा," ती म्हणाली. "त्याचं पीक कमी येतं ना, जमीन जास्त लागते."

हे सांगताना तिच्या खांद्यावर सेंद्रिय कापसाचीच पिशवी होती. वाढदिवसाला मैत्रिणींनी मागवून दिलेली, 'पृथ्वी एकच आहे' असं लिहिलेली. ती आली होती प्लास्टिकच्या पाकिटात, पाकीट फुग्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून आणि ते गाठोडं एका खोक्यात घालून. फुगे आईनं दोन दिवस बसून फोडले. तिला जप सोडून दुसरं काही इतकं मनापासून करताना मी पाहिलेलं नाही. लेक आठवड्यातून दोनदा बाजारात जाते. मी कागद घेतला. वर्षाला १०४ फेऱ्या, वीस हजारांना भागिले एकशे चार, उत्तर १९२ वर्षं. म्हणजे १८३२ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण'चा पहिला अंक काढून झाल्यावर ही पिशवी घेऊन भाजीला जायला सुरुवात केली असती, तर ती २०२४ मध्ये फिटली असती.

लेक म्हणाली, "बाबा, हवामानापुरतं धरलं तर सेंद्रियला एकशे एकोणपन्नास पुरतात."

पण मी उभ्या जन्मात सोयीची खाती तेवढी दाखवून ताळेबंद जुळवलेला नाही. ७,१०० म्हणजे ७,१००.

गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर मी रजिस्टर सुरू केलं. तारीख, पिशवी क्रमांक, कारण, अंदाजे वजन, शेरा. सव्वीस पिशव्यांचे मिळून १,८४,६०० वापर होत होते. रोज एक धरला तरी ५०५ वर्षं. एवढी मुदत मला कुठलीही बँक देणार नाही. म्हणून मी पंचवीस पिशव्यांना निवृत्त केलं आणि सगळी भिस्त सातव्या क्रमांकावर ठेवली. रोज एकदा वापरली तर साडेएकोणीस वर्षांत फिटते. ऐंशीव्या वर्षी मी निसर्गाच्या ऋणातून मोकळा. उलटी करून वापरायचं मी बंद केलं. बिचाऱ्या जोडप्याचं एवढं एक तरी टिको.

पहिलाच वापर चक्क्याचा. डेअरीत मी घरचा स्टीलचा डबा नेला होता. शास्त्रानुसार आधी रिकाम्या डब्याचं वजन करायला सांगितलं. मालकांनी ते केलं आणि माझं कौतुकही केलं. "असे लोक पाहिजेत साहेब, काय ते प्लास्टिक लावून ठेवलंय सगळ्यांनी." मग त्यांनी एक पातळ प्लास्टिकची पिशवी झटकून डब्यात नीट आतून पसरली, काठावर दुमडली आणि तिच्यात चक्का घातला.

"हे काय?"

"डबा खराब होऊ नये म्हणून. तुम्ही एवढा घरून आणलाय."

रजिस्टरात शेरा मारला: 'डबा सुरक्षित.'

मग प्रश्न उभा राहिला, वापर कशाला म्हणायचं? मी पिशवी नेली, भाजी महाग म्हणून काहीच घेतलं नाही आणि रिकामी परत आणली, तर मोजायचं का? मी म्हणत होतो मोजायचं, कारण पिशवीनं आपलं काम केलं, कमी पडलो तो मी. बायकोचं मत, मग मलाही गेली तीस वर्षं नवरा म्हणून मोजावं लागेल. आई वेगळंच म्हणाली. "मग खिळ्यावरच्या त्या थोरल्या पिशवीचं काय? ती तर चोवीस तास बाकीच्यांना पोटात घेऊन उभी आहे." या मुद्द्यावर मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

आकडा वाढवायचा म्हणून मी खरेदीची विभागणी केली. चार लिंबं हवी असली तर सकाळी दोन, संध्याकाळी दोन. कढीपत्त्यासाठी स्वतंत्र फेरी. भाजीवाल्या मावशींना वाटलं घरात काहीतरी बिनसलंय. त्या न मागता कोथिंबीर जास्त घालू लागल्या. पंधरा दिवसांनी लेकीनं विचारलं, "बाबा, पिशवीचे आकडे वाढवायला तू स्कूटरनं जातोस?"

मी तिच्याकडे बघितलं, तिनं माझ्याकडे बघितलं, दोघांनी खाली उभ्या स्कूटरकडे बघितलं. दुसऱ्या दिवसापासून मी चालत जाऊ लागलो. महिन्याभरानं गुडघा सुजला. डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, दहा गोळ्या, दहा वेगळ्या कप्प्यांत, प्रत्येक कप्पा प्लास्टिकचा, मागं चकाकणारा पत्रा. घरी आणल्या क्रमांक सातमधून. वापर ३८ वा, वजन नगण्य.

याच सुमारास बोहारीण आली. डोक्यावर टोपलं, त्यात स्टीलचे डबे, चाळण्या, परातींचा ढीग. जुने कपडे द्या, भांडं घ्या. हा व्यवहार माझ्या लहानपणापासून बघतोय. लेकीनं मात्र त्याला 'चक्रीय अर्थव्यवस्था' असं म्हटलं आणि त्या बाईंचा फोटो काढू का विचारलं. बाई म्हणाल्या, "फोटो काढा, पन साडीबी द्या." बायकोनं गाठोडं सोडलं. त्यात माझ्या दोन पँटी, बँकेतला निळा शर्ट आणि मी गेल्या वर्षी मोठ्या किमतीला घेतलेला, हातमागाचा, नैसर्गिक रंगाचा कुर्ता होता. बाईंनी पँटींचे गुडघे उजेडात धरले, चेनी वर-खाली केल्या, कुर्ता मात्र बाजूला सारला. "ह्यो नको. मळका हाय."

"तो त्याचा रंग आहे!"

"आसंल. पन दिसतोय मळका."

पाऊण तासाच्या घासाघिशीनंतर एक चाळण मिळाली, तीही बायकोनं दोन साड्या वर टाकल्या तेव्हा. बाई गेल्यावर मला कळलं, की निळा शर्ट मी देणार नव्हतो. त्याच्या खिशावर शाईचा डाग होता, १९९८ सालचा, ताळेबंद जुळला त्या रात्रीचा. बायको म्हणाली, "डाग होता म्हणूनच दिला."

पुढच्या रविवारी मी जुन्या बाजारात गेलो. खरेदीला नाही, नवं घेण्यापेक्षा जुनं घ्यावं, असं लेक सांगत होती म्हणून तत्त्वाचा अभ्यास करायला. पाने, नळ, ग्रामोफोनच्या तबकड्या, एका पायाचे बूट यांच्यामधून हिंडत असताना एका ढिगात माझा निळा शर्ट दिसला. डाग जिथल्या तिथे. विक्रेता म्हणाला, "घ्या साहेब, तुमच्याच मापाचा आहे." मी म्हटलं, "माहितीय." शंभर सांगितले, ऐंशीला सोडला. क्रमांक सातमध्ये घालून विजयी मुद्रेनं घरी आणला. लेकीला इतका आनंद झाला, की तिनं त्याचाही फोटो काढला. पुढच्या महिन्यात बोहारीण आली आणि बायकोनं तो पुन्हा दिला. या वेळी चमचा मिळाला.

गौरीच्या दिवशी बायकोनं समोरच्या काकूंकडे पुरणपोळ्या पाठवल्या आणि मला न विचारता, क्रमांक सातमधून. पिशवी परत येईना. आठवडा गेला, पितृपक्ष गेला, नवरात्र बसलं. रजिस्टरात मी रोज 'बाहेरगावी' असं लिहीत होतो. पिशवी मागायची कशी? पंधरा रुपयांच्या पिशवीसाठी कुणी दार वाजवतं का? पण ७,१०० पैकी जेमतेम १६० झाले होते. शेवटी दसऱ्याला सोनं द्यायच्या निमित्तानं गेलो.

"अगंबाई, तुमची होय ती? फार सोयीची आहे हो. रोज देवळात नेत होते, फुलं आणायला."

"रोज? म्हणजे एकूण किती वेळा?"

"अहो, फुलं आणताना कुणी मोजतं का?"

"दिवसाला एकदा की दोनदा? आरतीला वेगळं जाता का?"

काकूंनी आत बघून काकांना हाक मारली. काका बाहेर आले आणि माझ्या तब्येतीची चौकशी केली. पिशवी रिकामी परत करू नये म्हणून तिच्यात अर्धा डझन केळी घालून मिळाली. घरी येऊन मी 'त्रयस्थ वापर, अंदाजे ३०' अशी नोंद केली. बायको मागून वाचत होती. "बँकेत असं लिहिलं असतंत ना, तर पेन्शन लागली नसती."

आणि मग दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, महात्मा फुले मंडईच्या बाहेर, २१२ व्या वापराला, चार किलो बटाट्यांसकट ती बुडातून गेली.

बटाटे गाड्यांखाली गेले, रिक्षाखाली गेले, एक आकाशकंदील विकणाऱ्याच्या पायाशी जाऊन थांबला. चार लोक धावले. मंडईत बटाटा सांडला तर माणसं अजून धावतात. कुणीतरी "काका, लागलं का?" विचारलं. मी पिशवी उलटीपालटी करून पाहत होतो. शिवण शाबूत होती, कापडच विरलं होतं. ज्यानं बटाटे गोळा करून दिले त्या मुलानं ते कशात घालू विचारलं. माझ्याकडे हेल्मेट होतं, पण मी आता शिकलो होतो. शेजारच्या दुकानातून पंधरा रुपयांची एक पिशवी घेतली. घरी येऊन काडी लावली. वितळली.

क्रमांक सात घेऊन मी कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे गेलो. त्यानं ती चष्मा वर करून पाहिली. "आतून पट्टी लावून द्यायचे पन्नास होतील. नवी चाळीसला देतो."

"मला हीच हवीय. अजून सहा हजार आठशे अठ्ठ्याऐंशी वेळा वापरायचीय."

"काका, दिवाळीची कामं आहेत," तो म्हणाला.

पिशवी दोन दिवस खुर्चीवर पडून होती. तिसऱ्या दिवशी आईनं ती उचलली. तिच्याजवळ एका पत्र्याच्या डब्यात बटणं, नाड्या, मिठाईच्या खोक्यांच्या सोनेरी दोऱ्या, दुधाच्या पिशव्यांची रबरं आणि कुणाच्या तरी मुंजीतलं लंगोटीचं कापड, असा १९६८ पासूनचा ठेवा आहे. त्यातून सुई काढून तिनं पिशवी उसवली, मध्ये तिच्या जुन्या पातळाच्या तीन घड्या घातल्या, चहूबाजूंनी धावदोरा टाकला आणि दुपारच्या चहापर्यंत पायपुसणं करून दारात टाकलं. नवरानवरीची नावं तिनं आठवणीनं आत दुमडली होती. मोडलं असलं तरी नावावर पाय नको. वर फक्त 'विवाह' एवढा शब्द राहिला. आमची लेक गेली चार वर्षं स्थळांना नको म्हणतेय. ती त्याच्यावर विशेष मन लावून पाय पुसते.

संध्याकाळी ती आत येताना मी पाहिलं आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पाय पुसणं हा वापर नाही तर काय?

मी दारात खुर्ची टाकून तीन दिवस मोजणी केली. आम्ही चौघं, कामाच्या मावशी, दूधवाला, पेपरवाला, काकू, काकूंना भेटायला आलेले आणि चुकून आमची बेल वाजवणारे. दिवसाची सरासरी बेचाळीस आली. सहा हजार आठशे अठ्ठ्याऐंशीला बेचाळीसनं भागलं तर भाग पूर्ण जातो: बरोबर १६४ दिवस. जे साडेएकोणीस वर्षांत होणार होतं ते उन्हाळा संपायच्या आत. एवढा स्वच्छ भागाकार मला उभ्या नोकरीत लाभला नव्हता. लेक म्हणाली, डेन्मार्कवाल्यांना हे मान्य होणार नाही. मी म्हटलं, त्यांना आमच्याकडचा चिखल माहीत नाही.

तेव्हापासून मी दारातच बसतो. रजिस्टर मांडीवर असतं. घरचे लोक एकदा बाहेर जाऊन आले की मी त्यांना काहीतरी विसरल्याची आठवण करून देतो. काल दुपारी कुरिअरचा मुलगा आला. लेकीनं बांबूचे टूथब्रश मागवले होते, बारा, खोकं गुडघ्याएवढं.

"काका, ओटीपी सांगा."

"आधी पाय पूस."

"मला आत यायचंच नाही. पार्सल देऊन जातोय."

"तरी पूस."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, रजिस्टरकडे पाहिलं आणि वाद घालण्यापेक्षा पुसलेले बरे असं ठरवून पाय पुसले. आधी उजवा. मग डावा. मी पेन टेकवलं आणि तसाच थांबलो. इतके दिवस हे माझ्या लक्षात कसं आलं नाही? माणूस एक असला तरी पाय दोन पुसतो.

"काका, ओटीपी..."

"थांब रे जरा. तुझा एक धरू की दोन?"